टॅप कां मोडतो?

लोणच्याच्या बरणीचें फिरकीचें झांकण घाईंत लावूं गेलें म्हणजे तें एका बाजूस चढतें, दुसऱ्या बाजूस अडतें, आणि जोर केला तर तेथेंच तिरपें रुतून बसतें. तें उलटें फिरवून सोडवावें, पुन्हां सपाट ठेवावें आणि अलगद फिरवावें, हें घरांतील लहान मुलालाही कळतें. झांकण व बरणी यांच्या अंगावरील मळसूत्राचे वेढे, ज्यांना कारागीर 'आटे' म्हणतात, एकमेकांत नीट शिरले तरच दोहोंची गांठ पडते. परंतु बरणीचे आटे आधींच घडलेले असतात. जेथें आटे मुळींच नाहींत, नुसतें गुळगुळीत भोंक आहे, अशा पोलादाच्या तुकड्यांत ते कसे पाडीत असतील, ह्याचा विचार सहसा कोणी करीत नाहीं. वस्तुतः छताच्या पंख्यापासून मोटारीच्या इंजिनापर्यंत जेथें जेथें बोल्ट शिरून घट्ट बसतो, तेथें तेथें कोणीतरी, केव्हांतरी, एका भोंकाच्या आंत हे वेढे उठविलेले असतात.

ह्या कामाचें हत्यार म्हणजे टॅप. दिसण्यांत तो एखाद्या बोल्टसारखाच. मात्र त्याच्या अंगावरून उभ्या किंवा वळणदार पन्हळी कोरलेल्या असतात, आणि त्यांमुळें प्रत्येक वेढ्याला धारदार कडा येते. टोंकाकडचे कांहीं वेढे निमुळते असतात. कापण्याचें खरें काम तेच करतात. मागचे वेढे केवळ वाट दाखवितात. टॅप अत्यंत कठीण पोलादाचा असतो, आणि जें इतकें कठीण तें ठिसूळही असतें. पीळ फार पडला तर तो वाकत नाहीं. कट्‌कन् मोडतो, आणि त्याचा अर्धा भाग भोंकांत अडकून राहतो. तो ड्रिलनें काढावा म्हटलें तर ड्रिलचीच धार जाते.

आटे पाडण्याचें काम बहुधा सर्वांत शेवटीं येतें. तोंवर त्या पोलादी तुकड्याचें, म्हणजे कारागिराच्या बोलींत 'जॉब'चें, तोंड सपाट झालेलें असतें, बाहेरचा व्यास मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शांत जुळविलेला असतो. धातूची किंमत आणि कित्येक तासांची मजुरी त्यांत पडलेली असते. अशा वेळीं टॅप मोडला तर खरें नुकसान टॅपचें नव्हे, जॉबचें होतें. भोसरी, कोल्हापूरजवळची शिरोली, नाशिकचें सातपूर अशा ठिकाणीं अनेक लहान वर्कशॉपें संगणकाच्या हुकुमावर चालणारे जुने लेथ, ज्यांना तेथें नुसतें 'सी. एन. सी.' म्हणतात, दुसऱ्या हातानें विकत घेऊन त्यांवर आपला चरितार्थ चालवितात. लागोपाठ दोन-तीन टॅप मोडले म्हणजे तेथें वाद सुरू होतो. मालक म्हणतो, ऑपरेटरचें लक्ष नाहीं. ऑपरेटर म्हणतो, यंत्रच म्हातारें झालें. टॅप विकणारा म्हणतो, महागाचा टॅप घ्या. तिघांचेंही म्हणणें कधीं कधीं खरें असतें. परंतु तें तपासून पाहण्यापूर्वींच एखाद्याची नोकरी जाते, किंवा एखादें चांगलें यंत्र भंगाराच्या भावानें बाहेर पडतें. म्हणून दोष कोठें आहे हें शोधण्याची रीति जाणून घेणें अगत्याचें ठरतें.

लेथवर जॉब फिरतो आणि हत्यार न फिरतां पुढें सरकतें. जॉब 'चक' नांवाच्या पकडींत धरलेला असतो. ज्या दांड्यावर चक बसतो तें स्पिंडल. टॅप टरेट नांवाच्या चौकींत बसविलेला असतो. आठ मिलिमीटर व्यासाच्या नेहमींच्या आट्यांत एका वेढ्यापासून दुसऱ्या वेढ्यापर्यंतचें अंतर, म्हणजे पिच, सव्वा मिलिमीटर असतें. अर्थात् जॉबची एक फेरी होतांच टॅपनें बरोबर १·२५ मिलिमीटर पुढें जावयास हवें. तो कमी गेला तर आट्यांची एक बाजू खरवडली जाते, अधिक गेला तर दुसरी. फिरणें आणि सरकणें ह्या दोन हालचालींमधील हा करार पाळला गेला नाहीं, म्हणजे आटे बिघडतात; तो फारच मोडला, म्हणजे टॅप मोडतो.

जुन्या काळच्या लेथमध्यें हा करार दांत्यांच्या चाकांनीं पाळला जाई. लंडनच्या हेन्री मॉड्‌स्लेनें अठराव्या शतकाच्या अखेरीस जो आटे पाडण्याचा लेथ बनविला, त्यांत स्पिंडल आणि हत्यार सरकविणारा लांब स्क्रू हे चाकांच्या साखळीनें एकमेकांस बांधलेले होते. एक थांबला कीं दुसरा थांबलाच. (त्या वेळीं प्रत्येक कारखान्याचे आटे मात्र निराळे. एकाचा बोल्ट दुसऱ्याच्या नटाला लागेना. १८४१ सालीं जोसेफ व्हिटवर्थनें सर्वांसाठीं एकच माप सुचविलें, तेव्हां कोठें त्या गोंधळाला आळा बसूं लागला.) पुढें १९५२ सालीं अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी ह्या संस्थेनें आंकड्यांच्या हुकुमावर चालणारें मिलिंग यंत्र करून दाखविलें, आणि यंत्रकामाची तऱ्हाच पालटली. सी. एन. सी. लेथमध्यें चाकांची ती साखळी नसते. स्पिंडलला एक मोटर, टरेटला दुसरी. दोघींमध्यें निरोप्याचें काम करतो तो एन्कोडर. तो स्पिंडलच्या प्रत्येक फेरीला ठराविक विजेचे ठोके देतो, पुष्कळ यंत्रांत १०२४, आणि ते मोजून नियंत्रक टरेटला किती सरकावयाचें तें सांगतो.

स्पिंडल एका वेगानें फिरत असेपर्यंत ही व्यवस्था उत्तम चालते. अडचण येते ती तळाशीं. तेथें टॅपनें थांबलें पाहिजे, जॉब उलटा फिरला पाहिजे, आणि टॅप त्याच आट्यांतून मागें आला पाहिजे. नव्या यंत्रांत स्पिंडल थांबतांना व उलटतांनाही टरेटशीं बांधलेलें राहतें. ह्या रीतीला 'रिजिड टॅपिंग' म्हणतात. १९८० नंतरच्या दशकांतील पुष्कळशा लेथमध्यें ही सोय नाहीं. त्यांत ठरलेल्या खोलीवर टरेट थांबतें, मग स्पिंडलला 'थांब' असा हुकूम सुटतो. परंतु जड चकासह फिरणारें स्पिंडल हुकुमासरशीं कसें थांबणार? तें आणखी कांहीं फेऱ्या घेतें, आणि त्या प्रत्येक फेरीबरोबर टॅप सव्वा मिलिमीटर आंत ओढला जातो. हा फरक सोसण्यासाठीं टॅप एका सैल होल्डरमध्यें धरतात. होल्डरच्या आंत स्प्रिंग असते. ती कांहीं मिलिमीटर बाहेर ताणली जाते, कांहीं आंत दाबली जाते. हा होल्डर म्हणजे तुटलेल्या करारावर केलेली तडजोड होय.

ही तडजोड कोठपर्यंत चालेल, हें साध्या हिशेबानें कळतें. स्पिंडल मिनिटाला ४०० फेऱ्यांनीं फिरत आहे आणि हुकूम मिळाल्यापासून थांबण्यास त्याला अर्धा सेकंद लागतो, असें धरूं. ४०० फेऱ्या मिनिटाला म्हणजे सेकंदाला पावणेसातच्या आसपास. वेग एकसारखा उतरत शून्यावर येतो म्हणून सरासरी त्याच्या निम्मी. अर्ध्या सेकंदांत झाल्या सुमारें १·७ फेऱ्या. टॅप दोन मिलिमीटरांहून किंचित् अधिक पुढें गेला. होल्डर हें सहज सोसतो. आतां काम लवकर उरकावें म्हणून कोणीं वेग दुप्पट, म्हणजे ८०० केला. ब्रेकची शक्ति तीच, म्हणून थांबण्यास लागला एक सेकंद. वेग दुप्पट, वेळही दुप्पट. फेऱ्या झाल्या चौपट. टॅप आतां ८·३ मिलिमीटर पुढें धांवतो. भोंक आरपार असेल आणि होल्डरचा पल्ला पुरला तर निभावतें. भोंक तळ असलेलें असेल तर टॅप तळावर जाऊन आदळतो आणि तुटतो. ऑपरेटर शपथेवर सांगतो कीं प्रोग्राममधील खोली बदललेली नाहीं, आणि तें खरें असतें. बदलला आहे तो केवळ वेग.

वेगाला कोणी हात लावला नसतांही कधीं कधीं हेंच घडतें. मोठे जॉब धरतां यावेत म्हणून आठ इंची चक काढून दहा इंची बसविला, असें पुष्कळ ठिकाणीं होतें. जाडी तीच राहिली तरी चकाचें जडत्व व्यासाच्या चौथ्या घाताप्रमाणें वाढतें. म्हणजे दहा इंची चक थांबविणें आठ इंचीपेक्षां जवळ जवळ अडीचपट अवघड. किंवा यंत्र मध्येंच बंद पडूं लागलें म्हणून एखाद्या दुरुस्तीवाल्यानें ड्राइव्हमधील थांबण्याचा काळ वाढवून ठेवला. त्या दिवशीं तक्रार मिटली, पण तळ असलेल्या भोंकांत टॅप मोडूं लागले ते महिनाभरानें, आणि दोहोंचा संबंध कोणाच्या ध्यानांत आला नाहीं. शोधाच्या वेळीं पहिला प्रश्न असा असावा कीं, काम नीट चालत होतें तेव्हांपासून आजपर्यंत यंत्रांत काय काय बदललें?

दुसरी गोष्ट अशी कीं, मोडलेला टॅप फेकून देऊं नये. तो साक्षीदार आहे. भोंकाच्या तोंडाशींच तुकडा पडला असेल तर टॅप आणि भोंक एका रेषेंत नाहींत, किंवा भोंक लहान पडलें आहे. तळाशीं मोडला असेल तर वर सांगितलेली धांव पहावी, अथवा तळाशीं कीस सांचला होता कीं काय तें पहावें. परत येतांना मोडला तर बहुधा पन्हळींत कीस दाटलेला असतो. आणि टॅप शाबूत राहून आटेच एका बाजूनें खरवडलेले दिसले, तर फिरणें व सरकणें ह्यांचा मेळ चुकला आहे.

ह्यापुढची परीक्षा इतकी सोपी आहे कीं पुष्कळ जण तीच विसरतात. त्याच ड्रिलनें भोंक पाडलेला दुसरा जॉब वायसमध्यें धरावा आणि तसल्याच टॅपनें हातानें आटे पाडून पहावे. हाताला तो जड जात असेल, मधूनमधून करकरत असेल, तर यंत्राला दोष देण्याचें कारण नाहीं. दोष भोंकांत, टॅपमध्यें किंवा धातूंत आहे. हातानें तो लोण्यांत शिरावा तसा शिरला, तर मात्र यंत्राकडे वळावें. एवढ्या पांच मिनिटांच्या कामानें निम्मा वाद मिटतो.

भोंकाचें माप ही तर नेहमींची फसगत. आठ मिलिमीटरच्या आट्यांसाठीं ६·८ चें ड्रिल वापरतात. सर्वसाधारण प्रतीच्या आट्यांना आंतला व्यास ६·६४७ पासून ६·९१२ पर्यंत चालतो. म्हणजे ६·८ हा आंकडा कांहीं देववाणी नव्हे. पोलाद चिवट असेल तर थोडें मोठें भोंक ठेवून टॅपवरील भार पुष्कळ हलका करतां येतो, आणि बोल्टची पकड त्यामुळें फारशी कमी होत नाहीं. उलट बोथट ड्रिल माप बरोबर देऊनही घात करतें. स्टेनलेस पोलाद घासलें गेलें कीं पृष्ठभागीं अधिक कठीण होतें, आणि त्या कठीण झालेल्या भिंतींत टॅपला आटे कापावे लागतात. मग टॅप वाईट ठरतो; गुन्हेगार मात्र शेजारच्या खणांत निवांत बसलेलें ड्रिल असतें.

लेथवर जॉब आडवा असतो, हेंही विसरतां कामा नये. आडव्या भोंकांतला ड्रिलचा कीस आपोआप खालीं पडून जात नाहीं. तो तेथेंच पडून राहतो आणि टॅप त्याच्यावर चालून जातो. म्हणून टॅप आंत जाण्यापूर्वीं भोंक कूलंटच्या धारेनें धुऊन काढावें. टॅपच्याही जाती आहेत. एका जातीचा टॅप कीस पुढें ढकलतो. तो आरपार भोंकासाठीं. दुसऱ्याच्या पन्हळी नागमोडी असून तो कीस मागें ओढून आणतो. तो तळ असलेल्या भोंकासाठीं. पहिला दुसऱ्याच्या जागीं वापरला तर तळाशीं किसाची गच्च डाट बसते. तिसरी एक जात कापीतच नाहीं, धातू दाबून आटे उठविते. तिला कीस नाहीं, पण भोंक मोठें लागतें, आठ मिलिमीटरच्या आट्यांना सुमारें ७·४. आणि ओतीव लोखंडासारख्या ठिसूळ धातूंत तिचा उपयोग नाहीं. तेलाविषयीं एवढेंच कीं, पाण्यांत मिसळलेलें पातळ कूलंट चिवट पोलादांत टॅपला पुरत नाहीं. आटे फाटल्यासारखे खरखरीत येत असतील तर टॅपिंगचें दाट तेल ब्रशनें लावून पहावें.

हाताची परीक्षा निर्दोष उतरली म्हणजे यंत्राची पाळी. प्रथम प्रोग्राममधील सरकण्याचा वेग कसा दिला आहे तें पहावें. तो 'दर फेरीस इतके मिलिमीटर' असा देतां येतो किंवा 'दर मिनिटास इतके' असाही. पहिल्या रीतींत टरेट एन्कोडरचें ऐकतें; स्पिंडल हळू झालें तर तेंही हळू होतें. दुसऱ्या रीतींत तें घड्याळाचें ऐकतें. ४०० फेऱ्यांस ५०० मिलिमीटर हा हिशेब कागदावर बरोबर आहे. पण कांहीं जुन्या यंत्रांवर स्पिंडलचा वेग कमी-अधिक करणारी फिरती कळ आटे पाडतांनाही चालू राहते. सकाळच्या पाळीच्या माणसानें ती शेंकडा नव्वदवर आणून ठेवली, कीं स्पिंडल ३६० नें फिरतें आणि टरेट मात्र ५०० नेंच धांवतें. दहा मिलिमीटर खोलीला आठ फेऱ्या लागतात. तेवढ्या वेळांत टरेट ११·१ मिलिमीटर पुढें आलेलें असतें. वरचा तो मिलिमीटर होल्डरची स्प्रिंग दाबून टॅपच्या पाठीवर बसतो. ह्याच्या उलट, सैल होल्डर वापरणारे जाणते कारागीर वेग पिचपेक्षां दोन-तीन टक्के मुद्दाम कमी ठेवतात. मग टॅप स्वतःच्या आट्यांनीं पुढें जातो, आणि होल्डर मागून किंचित् ताणला जातो. ढकलला जात नाहीं. होल्डरच्या सरकत्या भागावर शाईची एक बारीक रेघ ओढून ठेवली, तर काम झाल्यावर तो किती ताणला गेला होता हें उघड्या डोळ्यांनीं दिसतें.

त्यानंतर रेषेची तपासणी. टरेट कधींकाळीं चकावर आदळलेलें नाहीं असा जुना लेथ विरळा. अशा टकरीनंतर तें केसभर फिरून बसतें. साधें कातकाम त्यावर नीट होतें, म्हणून कोणाला शंका येत नाहीं. पण टॅपला मात्र बरणीच्या तिरप्या झांकणाची गत येते. भोंकाचें तोंड कर्ण्यासारखें पसरतें, आणि ज्या गेजनें आंत जाऊं नये तेंही आंत जातें. तपासण्यासाठीं डायल-गेज चकांत धरून स्पिंडल हातानें फिरवावें आणि डायलचा कांटा टॅपच्या होल्डरच्या भोंकांतून सभोंवार फिरूं द्यावा. कांट्यांत एकंदर ०·१० चा फरक दिसला तर मध्यबिंदु त्याच्या निम्मा, ०·०५ मिलिमीटर, चुकला आहे. ही चूक टरेटच्या नेहमींच्या आडव्या वाटेवर असेल तर नियंत्रकांत आंकडा घालून ती काढतां येते. ती उभ्या दिशेनें, वर-खालीं असेल, तर दोन दिशांनींच चालणाऱ्या लेथला तिच्यावर आंकड्यांचा इलाज नाहीं. टरेट सैल करून पुन्हां रेषेंत बसवावें लागतें. तें काम अर्ध्या दिवसाचें आहे, म्हणून तें टाळलें जातें, आणि मग महिन्याला डझनभर टॅप आणले जातात.

राहतां राहिला निरोप्या. एन्कोडर स्पिंडलला दांतेरी पट्ट्यानें जोडलेला असतो. पट्टा झिजून दांत चुकूं लागला तर तो खोटे निरोप देतो. परंतु लगेच त्यावर आळ घेऊं नये. बाहेरच्या अंगावर एका टोंकाच्या हत्यारानें, पुनःपुन्हां हात फिरवून आटे पाडून पहावे. प्रत्येक हात मागच्याच खांचेंतून गेला तर एन्कोडर निर्दोष. खांचा शेजारीं शेजारीं दोन पडल्या तर पट्टा उघडून पहावा. मोटर आणि स्पिंडल ह्यांच्यामधला मोठा पट्टा घसरत असला तरी, एन्कोडर स्पिंडलवरच मोजत असल्यामुळें, 'दर फेरीस' ह्या रीतींत करार बिघडत नाहीं. तें दुखणें निराळें. आणखी एक बारीकशी पण महत्त्वाची गोष्ट. कित्येक जुन्या नियंत्रकांची आठवण घरच्या टॉर्चमध्यें घालतात तसल्या सेलांवर जगते. सेल संपून यंत्र बंद राहिलें, तर त्यांतील सारे आंकडे पुसले जातात, आणि ते पिवळ्या पडलेल्या कागदावरून पुन्हां भरतांना एखादा चुकतो. म्हणून ते सेल संपण्यापूर्वींच, आणि यंत्राची वीज चालू असतांनाच, बदलावयाचे असतात.

दहा इंची चक बसविलेल्या अशा लेथवर तळ असलेलें भोंक असेल, आणि आटे सोळा मिलिमीटर खोल हवे असतील, तर वेग ४०० वर आणावा, शाईची रेघ पाहून टॅपची धांव मोजावी, आणि तितकी खोली प्रोग्राममधून आधींच वजा करावी. ड्रिल मात्र सोळावर न थांबवितां जॉबच्या जाडीला सोसेल तर बाविसापर्यंत न्यावें, म्हणजे टॅपच्या निमुळत्या टोंकाला आणि किसाला जागा राहते. जो तुकडा आधींच जॉबमध्यें अडकला आहे तो हातोड्यानें काढण्याच्या भरीस पडूं नये. ठिणग्यांनीं धातू झिजविणारें स्पार्क-यंत्र औद्योगिक वसाहतींत कोणाकडे तरी असतेंच. तें त्या तुकड्याचा गाभा कठीणपणाची पर्वा न करतां पोंखरून काढतें, आणि उरलेल्या पाकळ्या चिमट्यानें उचलतां येतात. त्यानंतर तेच आटे हातानें, तेल लावून, साफ करावे आणि गेज घालून पहावें. पुष्कळदां जॉब वांचतो.